एम३४०आय, ताम्हिणी आणि ओला रस्ता : या पावसाळ्यातील नोंदी

या पावसाळ्यात एकाच कौशल्यावर काम करायचे ठरवले होते : ओल्या रस्त्यावर पकड किती शिल्लक आहे, हे ॲक्सिलरेटरवर विसंबून न राहता ओळखणे. गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह (एक्सड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा), भारतात २०२१ मध्ये आलेली ३८७ हॉर्सपॉवरची आवृत्ती. तिचे तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन दोन हजार आरपीएमच्या आतच ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देते आणि कंपनीच्या आकड्यानुसार ती ४.४ सेकंदांत शंभरी गाठते. रस्ता ओला असला तरी पायाखाली फारसा फरक जाणवत नाही, गाडी तशीच निर्धास्त झेपावते. माझ्या मते तिच्यातला खरा धोका हाच आहे.

याचे गणित सोपे आहे. ओल्या डांबराचा घर्षणांक साधारण ०.५ धरला, तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी जवळजवळ सगळी पकड वेग वाढवण्यासाठी वापरू शकते. केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या वाट्याला, वेग घेताना वजन मागे सरकते हे जमेस धरूनही, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा येतो. म्हणून अशी गाडी लवकर बोलते : मागची बाजू सुटू पाहते, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि पुढे वळण येण्याआधीच चालक सावध होतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या आपल्या गाड्यांमध्ये ही पूर्वसूचना मिळतच नाही. ब्रेक मात्र सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला ०.८ घर्षणांकाच्या कोरड्या रस्त्यावर सुमारे ३२ मीटर लागतात, ०.५ वर सुमारे ५० आणि चिखलाने किंवा शेवाळाने तो ०.३ वर आला तर ८० मीटरहून अधिक. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात २२ मीटर निघून जातात, ते वेगळेच. इंजिनची ताकद किती चाकांना जाते याला या हिशेबात कुठेही जागा नाही.

जूनची नोंद थोडक्यात आटोपतो. मृगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेले तेल, रबराची पूड आणि धूळ यांचा बुळबुळीत थर तयार होतो, आणि दोन-चार मोठे पाऊस होऊन तो धुऊन जाईपर्यंत सरावाला बाहेर पडण्यात काही अर्थ नाही. ते दिवस मी केवळ शहरात, सावकाश गाडी चालवण्यात घालवले.

जुलैच्या आरंभी एका बंदिस्त खासगी मैदानावर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, टँकरने काँक्रीट भिजवून सराव केला. एकाच त्रिज्येच्या वर्तुळात गाडी फिरवत ठेवायची आणि ॲक्सिलरेटर अगदी हळूहळू वाढवत न्यायचा, एवढाच तो पाठ होता. एक्सड्राइव्हमध्ये ताकद मूलतः मागच्या चाकांकडे जाते आणि ट्रान्स्फर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) मल्टी-प्लेट क्लच गरजेनुसार क्षणार्धात तिचा वाटा पुढे पाठवतो. डीएससी, म्हणजे गाडी घसरू लागताच सावरणारी यंत्रणा, पूर्ण चालू असताना ओल्या वर्तुळात गाडीचे नाक प्रथम बाहेर जाते आणि लगेच इंजिनची ताकद कापली जाते. डीटीसीमध्ये, म्हणजे थोडे घसरू देणाऱ्या तिच्या सैल मोडमध्ये, मागची बाजू किंचित बाहेर झुकते, मग पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात. डीएससी पूर्ण बंद करून सराव करणे मी तूर्त टाळले आहे आणि सार्वजनिक रस्त्यावर तर ते कोणीही करू नये.

त्या वर्तुळात जे हाती लागले ते असे. वेग वाढत जातो तसे स्टीअरिंग आधी जड होत जाते आणि मग एका टप्प्यावर, नाक प्रत्यक्ष बाहेर जाण्याच्या किंचित आधी, हलके पडते. टायरचा जमिनीला टेकलेला मागचा भाग सरकू लागला की चाकाला सरळ करू पाहणारे बल घटते, त्याचा हा परिणाम असतो. विजेवर चालणाऱ्या आजच्या स्टीअरिंगमध्ये हा फरक अगदी थोडा असतो, तळहाताने चाक घट्ट आवळून धरले तर तो कळतच नाही. बोटांनी सैल धरल्यास कळतो. तो जाणवताच स्टीअरिंग आणखी वळवण्याची स्वाभाविक इच्छा आवरायची, उलट ते थोडे सरळ सोडायचे आणि ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करायचा. पाय झटक्यात उचलला तर वजन पुढे येते, मागची चाके हलकी होतात आणि आतापर्यंत नाकाने बाहेर जाणारी गाडी शेपटीने बाहेर जाऊ लागते. ऑडी क्वाट्रो १९८१ मध्ये जागतिक रॅली स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या चालकांनाही नाक बाहेर जाण्याच्या याच स्वभावाशी झुंजावे लागले होते. डाव्या पायाने ब्रेक लावण्याचे तंत्र त्यांना विशेष उपयोगी पडले. आपल्याला घाटात त्याची गरज नाही, पण यंत्रणेचा मूळ स्वभाव तोच आहे, हे लक्षात ठेवणे बरे.

पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव हा रस्ता त्यानंतर मुद्दाम, कामाच्या दिवशी भल्या सकाळी, धबधब्यांची गर्दी नसताना निवडला. घाटात शिरण्यापूर्वीच्या सरळ, मोकळ्या पट्ट्यावर, मागे कोणी नाही याची आरशात खात्री करून, ताशी ४० च्या वेगावरून ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा आणि एबीएसची थरथर पायाला कुठे जाणवते ते पाहायचे, अशी सवय आता लावून घेतली आहे. कोरड्या रस्त्यावर त्यासाठी पेडल बरेच खोल जावे लागते. चांगल्या ओल्या डांबरावर ते अर्ध्याच्या आसपास येते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला, की ही चाचणी जमेल तिथे पुन्हा घ्यायची. पकडीचे माप मला इथे मिळते, आणि वळणाचा वेग मी या मापावरून ठरवतो.

ताम्हिणीत झाडांनी झाकलेल्या भागात रस्त्याचा रंग वाचावा लागतो. वाहनांच्या चाकांखालचे दोन पट्टे राखाडी, स्वच्छ राहतात. त्यांच्या मधला पट्टा आणि कडेची हातभर जागा हिरवट-काळी होते, कारण तिथे शेवाळ धरलेले असते. वळणाला आतून जवळचा मार्ग घेण्याच्या नादात आतली दोन चाके त्या कडेवर गेली, तर गाडीच्या एका बाजूला चांगली पकड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच, अशी स्थिती होते. दरड कापलेल्या ठिकाणी लाल मातीचा पातळ ओघळ रस्त्यावर येतो, तो शेवाळापेक्षाही फसवा असतो, कारण ओल्या डांबरावर त्याचा रंग लांबून दिसत नाही. माणगावकडे उतरताना स्टीअरिंगमागच्या पॅडलने दुसरा गिअर धरून ठेवतो, ब्रेकचे काम गाडी सरळ असतानाच संपवतो, वळणात ॲक्सिलरेटर जेमतेम टेकलेला ठेवतो आणि स्टीअरिंग सरळ होऊ लागले की त्याच प्रमाणात पाय वाढवतो. गाडीचा ड्रायव्हिंग मोड कम्फर्टच ठेवावा, असे माझे ठाम मत झाले आहे. स्पोर्टमध्ये पायाच्या थोड्या हालचालीला इंजिन जास्त प्रतिसाद देते, आणि पावसात नेमके याच्या उलट हवे असते.

साचलेल्या पाण्याचा विषय वेगळा आहे. नासाच्या लँगली केंद्रात विमानांच्या टायरांवर झालेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार ३६ पीएसआय दाबाला टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला सुमारे ८३. पावसात हवा कमी ठेवावी, हा सल्ला त्यामुळे मी मानत नाही. मोटारीच्या टायरांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. खाच झिजलेला, रुंद टायर त्याआधीही तरंगू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जोरदार सरीत मी ७० च्या पुढे जात नाही आणि क्रूझ कंट्रोल बंद ठेवतो. एखादे चाक पाण्यावर गेले की एरवी इंजिनचा आवाज चढतो. आपल्या गाडीत मात्र उरलेली चाके ती ताकद घेतात आणि आवाज चढलाच तरी थोडाच चढतो. तिथेही भरवसा हलक्या पडलेल्या स्टीअरिंगवरच ठेवावा. ते सरळ धरायचे, ब्रेकला हात न लावता पाय हळू काढायचा आणि टायर पुन्हा जमिनीला लागेपर्यंत थांबायचे.

ऑगस्टअखेर टायरांच्या खाचांची खोली मोजली. पुढे साडेचार मिलिमीटर, मागे साडेतीनहून कमी. कायद्याची मर्यादा १.६ असली, तरी तीनच्या खाली पाणी बाहेर टाकण्याची क्षमता झपाट्याने घटते, म्हणून मागचे टायर बदलणे भाग आहे. पण पुढच्या-मागच्या टायरांच्या परिघात फरक राहिला, तर ट्रान्स्फर केसमधल्या क्लचला सतत घसरत राहावे लागते. त्यामुळे पुढचे आणखी काही महिने चालले असते तरी चारही एकदमच, त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे घेणार आहे. निवडताना ओल्या रस्त्यावरची पकड आधी पाहीन, आयुष्य नंतर.