तांबं कुणाचं?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी चांदी-तांब्याचे मिश्र नॅनोकण केले. फ्लास्कमध्ये टाकलेलं तांबं कणांत शिरलं की द्रावणातच राहिलं, एवढंच बघायचं होतं. टीईएमचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोतानं (बीमनं) कण दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा, स्लॉट मिळायला तीन आठवडे गेले. आदल्या रात्री थेंब ग्रिडवर सोडून दिव्याखाली वाळवला. ग्रिड म्हणजे जेमतेम 3 मिमीची गोल जाळी, वर कार्बनची पातळ फिल्म. कण बसतात ते फिल्मवर. जाळी तांब्याची होती. डबीवर तसं लिहिलेलंही होतं. तरीही.

एका कणावर बीम ठेवला आणि ईडीएसमध्ये, म्हणजे निघालेल्या क्षकिरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या आलेखात, 8.04 केईव्ही ऊर्जेला तांब्याचं पीक (टोक) आलं. चांगलं भरघोस पीक, चांदीच्या 2.98 वाल्यापेक्षा उंच. गाइडना फोटो पाठवायला फोन काढला, तेवढ्यात मशिनवरचे सर म्हणाले, "बीम जरा रिकाम्या फिल्मवर ने बघू."

नेला. चांदी गेली. तांबं जागचं हललं नाही.

बीम कणावर असला तरी विखुरलेले इलेक्ट्रॉन आणि नमुन्यातून निघालेले क्षकिरण आजूबाजूच्या जाळीवर आदळतात, मग जाळीही आपले क्षकिरण सोडते. डिटेक्टरला तांबं कुणाचं ते कळत नाही. मलाही कळलं नव्हतं, त्यामुळे त्याला काय बोलणार!

लॅबमध्ये निकेलच्या ग्रिड पडून होत्या, त्या लावल्या. तिथं दुसराच घोळ. निकेलची दोन पीकं 7.47 आणि 8.26 ला येतात, तांब्याचं नेमकं मधे. मोठ्याच्या पायथ्याशी छोटं पीक असं बुडून जातं की सॉफ्टवेअर आकडा देतं, पण त्यावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. शेवटी मॉलिब्डेनम मागवलं. त्याची पीकं 2.29 आणि 17.4 ला, म्हणजे माझ्या दोन्ही धातूंपासून लांब. ग्रिड धरणारा होल्डरही बेरिलियमचा घेतला. तरी थोडं तांबं उरलंच, मशिनच्या आतलं असणार. म्हणून नुसत्या चांदीचे कण तशाच ग्रिडवर, त्याच होल्डरमध्ये, तेवढाच वेळ मोजले आणि तो आकडा वजा केला.

नवी ग्रिड घेताना फिल्मही अतिपातळ घेतली होती, साधारण 3 नॅनोमीटरची. जुनी वीसेक नॅनोमीटर जाड. त्या जाड कार्बनची स्वतःचीच रवाळ नक्षी फोटोत दिसते, आणि 2-3 नॅनोमीटरचे कण तिच्यात विरून जातात. म्हणजे आधीच्या मोजणीत बारके कण मी धरलेच नव्हते. सरासरी आकार उगाच मोठा आला होता. दोनशे कण पुन्हा हातानं मोजले.

पातळ फिल्मचे नखरे असतात. बीम एका जागी रेंगाळला की ती फाटते, कण सरकतात. फाटली नाही तर कार्बनचा थर साचून डाग पडतो.

वजाबाकीनंतर कणांत तांबं निघालं; पहिल्या दिवशी वाटलं होतं त्याच्या पासंगालाही न पुरणारं, पण रिकाम्या फिल्मपेक्षा स्पष्ट जास्त. गाइडना आलेख दाखवला. त्यांनी आकडा बघायच्या आधी विचारलं, "ग्रिड कुठली?"