खुर्ची जरा सरकवून

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कात दुपारी जेवणाच्या वेळी गेलात तर एक गंमत दिसते. माणूस येतो, रिकामी हिरवी खुर्ची हेरतो, तिच्या पाठीला धरून वीतभर ओढतो, जराशी तिरकी करतो आणि मगच टेकतो. ऊन तेवढंच असतं, समोरची इमारतही तीच. तरी खुर्ची न हलवता बसणारा विरळाच. मीही हलवते. डबा उघडायच्या आधी पाट पुढे ओढून घ्यावा, तितकं ते हाताला सवयीचं झालंय.

ही खोड विल्यम व्हाइट यांनी फार पूर्वी टिपली होती. मूळचे पत्रकार असलेले हे गृहस्थ शहरातल्या मोकळ्या जागांवर कॅमेरे रोखून, माणसं कुठे बसतात आणि कुठे बसायचं टाळतात हे वर्षानुवर्षं बघत राहिले. (असं काम करायला पगार मिळत असेल तर मीही तयार आहे.) जमिनीत पक्का गाडलेला बाक तुम्ही कुठे बघायचं, शेजारी कोण आणि किती जवळ, हे सगळं तुमच्या वतीने ठरवून मोकळा होतो. सुटी खुर्ची ते तुमच्यावर सोपवते. अनोळखी माणसाकडे थोडी पाठ करता येते, मैत्रिणीकडे थोडं तोंड. एवढ्यानेच ती जागा काही वेळापुरती आपली होते. अशा खुर्च्या उघड्यावर ठेवायच्या म्हटल्यावर पहिली शंका एकच येते, की लोक त्या पळवतील. खुर्च्या अजून तिथेच आहेत.

सत्तरच्या दशकात मात्र ही बाग गर्दुल्ले आणि अमली पदार्थ विकणारे यांच्या ताब्यात होती. बेचाळिसाव्या रस्त्यावर, सार्वजनिक ग्रंथालयाच्या अगदी पाठीला लागून, म्हणजे शहराच्या ऐन मध्यात. दोष फक्त त्या माणसांचा नव्हता, बांधणीचाही होता. 1934 मध्ये बाग नव्याने आखली तेव्हा तिला रस्त्यापासून उंचावर नेलं, भोवती लोखंडी कुंपण घातलं, दाट झुडपांची भिंत उभारली. रहदारीपासून शांतता मिळावी हा हेतू. शांतता मिळालीही, पण ती ज्यांना आडोसा हवा होता त्यांना. बाहेरून आत काय चाललंय दिसत नाही, आत गेल्यावर पटकन बाहेर पडायला वाट नाही. व्हाइट यांचा सल्ला साधा होता: झुडपं काढा, वाटा वाढवा, रस्त्यावरून नजर आत जाऊ द्या. 1980 मध्ये बागेसाठी वेगळी संस्था उभी राहिली, 1988 ला बाग बंद झाली आणि 1992 ला पुन्हा उघडली. मधल्या काळात ग्रंथालयाने हिरवळीखाली पुस्तकांची कोठारं खोदून घेतली. त्यामुळे त्या गवतावर लोळणारा प्रत्येक जण पुस्तकांच्या माळ्यावर लोळत असतो.

जागा नीट चालली आहे की नाही हे ओळखायची व्हाइट यांची एक खूण होती, तिथे बायका किती दिसतात ही. बसायची जागा निवडताना बायका पुरुषांपेक्षा चोखंदळ असतात, हे त्यांचं निरीक्षण. यात शोध कसला, असं कुठलीही बाई म्हणेल. आपण शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो. आणि स्वच्छतागृह. ब्रायंट पार्कचं स्वच्छतागृह हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आत ताज्या फुलांचा गुच्छ, बारीक आवाजात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, आणि सतत पुसणारं कुणीतरी. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी आधी ते दाखवते, मग बाग.

आमच्या पुण्यात महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी कुलूप लावून वामकुक्षी घेतात, आणि ब्रायंट पार्क सर्वांत जास्त फुलतं ते नेमकं दुपारी. कचेऱ्यांतली माणसं, बुद्धिबळाच्या पटाभोवती ठाण मांडलेले म्हातारे, फिरत्या घोड्यांसाठी हट्ट धरणारी पोरं. उघड्यावरची वाचनखोलीसुद्धा आहे. 1935 साली, मंदीत नोकरी गेलेल्यांना बसून वाचता यावं म्हणून ग्रंथालयाने इथे पुस्तकं मांडली होती. 2003 मध्ये ती प्रथा पुन्हा सुरू झाली.

हे सगळं मला आवडतं, तरी बाग खासगी संस्था चालवते हे मनात खुपतं. आसपासच्या इमारतींकडून मिळणारी वर्गणी, खानावळींचं भाडं आणि प्रायोजक यांवर तिचा खर्च चालतो. पैसे देणाऱ्याचा शब्द मग चालतोच. 1993 पासून कितीतरी वर्षं फॅशनवाल्यांचे तंबू लागत, तेव्हा लोकांची हिरवळ आमंत्रितांची होऊन जाई. 2010 नंतर ते दुसरीकडे गेले, याचं मला तरी दुःख नाही. शिवाय बाग सुधारल्यावर अमली पदार्थांचे जुने विक्रेते काही हवेत विरले नसणार. कुठल्या तरी दुसऱ्या कोपऱ्यावर, जिथे व्हाइटसारखं कुणी बघायला आलं नाही, तिथे ते गेले असतील.

थंडीत हिरवळ नाहीशी होते आणि तिच्या जागी बर्फाचं मैदान येतं, भोवती काचेची दुकानं. घसरायला तिकीट नाही, मात्र पात्यांचे बूट स्वतःचे हवेत. ते नसतील तर भाड्याने घ्या. भाडं विचारल्यावर बहुतेक मराठी मंडळी कठड्याला टेकून, गरम चॉकलेट दोघांत एक घेऊन, पडणाऱ्यांकडे बघणं पसंत करतात.