डॉक्टर तिसऱ्या सीटवर होते

गिधाडांवरचं माझं भाषण दोन मिनिटांत संपतं. मी टूर घेऊन जातो, आणि सफारीच्या चालत्या गाडीत लोकांचं लक्ष तेवढंच टिकतं. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं कशी संपत गेली, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या जातीचं तर हजारात एखादंच कसं उरलं, गुरांना दुखण्यावर टोचलं जाणारं आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारं डायक्लोफेनॅक हे त्याचं कारण 2004 मध्ये कसं कळलं आणि 2006 मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी कशी आली, हे सांगायचं. ऐकणारे हळहळतात. मग मागून कोणीतरी विचारतं, "सिंह कधी दिसणार?"

2025 च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला नेलेल्या ग्रुपसमोर हे भाषण करायचं मी टाळत होतो. एका काकांच्या फॉर्मवर व्यवसायापुढे लिहिलेलं होतं: निवृत्त पशुधन विकास अधिकारी, जिल्हा सातारा. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायला लागले. नव्वदच्या दशकात हे तालुक्याच्या दवाखान्यात होते, म्हणजे सुई यांच्याच हातात असणार. तिसऱ्या सीटवर ते बसलेले असताना ती गोष्ट कोणत्या आवाजात सांगायची, हे मला ठरवता येत नव्हतं.

क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या एका कॅम्पचं नावही सातारा. मराठी ग्रुप असला की त्या पाटीपाशी फोटोसाठी रांग लागते, तशी लागली. "साताऱ्याहून निघालो आणि साताऱ्यालाच आलो," हा विनोद डॉक्टरांनी स्वतःच करून टाकला, त्यामुळे इतरांची पंचाईत झाली.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. पत्रकावर माझा फोटो असला तरी तिथे कायद्याने गाईड मी नसतो. नोंदणी झालेला स्थानिक गाईडच हवा. आमचा गाईड तिथल्या शांगान समाजातला होता, गाडीही तोच चालवायचा. माझ्याकडे व्हिसा, जेवणं, रुसवेफुगवे आणि पक्षी. रोज सकाळी सगळ्यांच्या सीटा बदलायच्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी खिडकीवरून भांडणं होतात. "दोन वाजता, वाळलेल्या फांदीवर" म्हटलं की घड्याळ न बघता, काटा दोनवर असेल त्या दिशेला बघायचं, एवढं शिकवायलाच दोन दिवस जातात. आणि गाडीतून खाली उतरायचं नाही. परवानगीच्या ठरावीक जागा सोडल्या तर अजिबात नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास चेक-आउट करून आम्ही ऑर्पेन गेटच्या रस्त्याला लागलो. ऑर्पेनमधून बाहेर पडून दुपारी एबल इरास्मस घाट गाठायचा होता. हा डांबरी रस्ता कॅम्पपासून थोड्याच अंतरावर न्सेमानीच्या तलावाला लागून जातो. सप्टेंबर म्हणजे कोरड्या दिवसांची अखेर. गवत पिवळं पडलेलं, नॉब-थॉर्नची झाडं निष्पर्ण, आणि पाणी उरलंय तिथे सगळं जंगल गोळा झालेलं.

गिधाडं वाचता येणं हा आमच्या धंद्यातला खरा कस आहे. सिंह रेडिओवर कोणीही शोधून देतं. गिधाडं झाडावर बसून खाली बघत असतील तर शिकारी अजून शिकारीवर आहे. जमिनीवर असतील तर तो उठून गेलाय. पाय खाली सोडून तिरकी उतरत असतील तर मढं ताजं आहे, आणि बॅटलर गरुड बहुतेक वेळा त्यांच्याआधी येऊन गेलेला असतो. मढ्यावर ती फुत्कारतात, किंचाळतात, पंख पसरून एकमेकांच्या अंगावर जातात. पोट भरलं की पाण्यावर येऊन अंघोळ करतात आणि पंख उघडून उन्हात वाळत बसतात. त्यामुळे न्सेमानीच्या काठावर पाच-सहा पांढऱ्या पाठीची गिधाडं दिसली तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. गाईडने मात्र न सांगता गाडी थांबवली.

मी खिडकीवर बीनबॅग ठेवून त्यावर स्कोप लावला. एका पक्ष्याचे पंख उघडे नव्हते, गळालेले होते. मान वाळूला टेकलेली. गळ्याखालची पिशवी फुगलेली, म्हणजे नुकतंच पोटभर खाल्लेलं. उठायचा प्रयत्न करताना ते ढोपरांवर पडलं आणि पंजे दिसले. बोटं मुठीसारखी आवळलेली, सुटतच नव्हती. पलीकडे एक बॅटलर कुशीवर पडला होता, तो हलत नव्हता.

"बघू," म्हणत डॉक्टर पुढे आले. पक्षी शोधताना रोज त्यांना स्कोपमध्ये डोळा लावता यायचा नाही, मी मागून डोकं धरून लावून द्यायचो. त्या दिवशी लगेच जमलं. बराच वेळ ते बघत राहिले.

"चोचीतून लाळ गळतेय. तार दिसतेय बघा उन्हात. हे डायक्लोफेनॅक नाही. त्यात किडनी जाते, मान हळूहळू खाली येते, दिवस लागतात. हे कीटकनाशक आहे. फवारणीच्या बॅरलमधलं पाणी प्यालेला बैल असाच करतो. उतारा म्हणून ॲट्रोपिन द्या लवकर." आणि ते दाराकडे वळले.

गाईडने दार आधीच लॉक केलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "नाही उतरता येणार." ते म्हणाले, "अहो, जिवंत आहे ते." बाहेर मगरी होत्या, सिंह असू शकत होते, नियम तर होताच, आणि ॲट्रोपिन आमच्याकडे नव्हतंच. एवढं सगळं खरं असूनही त्या क्षणी ते पटवून देणं अवघड गेलं.

फोनला रेंज येत-जात होती. गाईडने आपत्कालीन नंबर लावला, जागा सांगितली, आणि आम्ही वाट बघत थांबलो. तेवढ्या वेळात मागून येणाऱ्या गाड्या शेजारी थांबायच्या. काय दिसतंय? गिधाडं. काच वर, गाडी पुढे. एकाने तर पुढे बिबट्या असल्याची बातमी दिली आणि आमच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. आमच्यातल्याही दोघांनी घड्याळं बघितली. बिग फाइव्हच्या, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस यांच्या जाहिरातींनी लोकांचे डोळे इतके बिघडवलेत की समोर पक्षी मरत असताना पुढच्या वळणावरचा बिबट्या त्यांना जास्त खरा वाटतो. शिकाऱ्यांनी केलेली ती यादी आम्ही टूरवाले अजून पत्रकावर छापतोच.

वाट बघता बघता गाईडने सांगितलं ते मी मराठीत सांगत गेलो. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूगरच्या उत्तर भागात विष घातलेल्या एका हत्तीच्या मढ्यावर 120 हून जास्त गिधाडं मेली होती. ऐंशीहून जास्त वाचवली, काही हेलिकॉप्टरने, काही गिधाडांसाठीच्या खास रुग्णवाहिकेतून. गिधाडं घिरट्या घालायला लागली की रेंजरना चोरट्या शिकारीची जागा कळते, म्हणून काही जण त्यांचाच काटा काढतात. शिवाय त्यांची डोकी आणि अवयव वैदूंच्या बाजारात विकले जातात. विष म्हणजे शेतातलंच औषध. बऱ्याचदा आल्डिकार्ब नावाचं कीटकनाशक. तिकडे त्याला 'टू-स्टेप' म्हणतात.

"फासावर द्यायला पाहिजेत," मागच्या सीटवरून आवाज आला. दोन-तीन जणांनी दुजोरा दिला. डॉक्टर काही बोलले नाहीत.

रेंजर आले. त्यांनी गाईडशी दोन मिनिटं बोलून आम्हाला पुढे जायला सांगितलं. बरोबरच होतं. विषबाधा म्हणजे गुन्ह्याची जागा, तिथे प्रेक्षक नकोत. मला मात्र जाताना मढं कुठे असेल याचा हिशोब सुटेना. विष खाल्लेला पक्षीही काही अंतर उडून जाऊ शकतो. आणि सप्टेंबरमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरट्यात पिल्लं असतात. एका जोडीचं वर्षाला एकच.

बिबट्या दिसला. झाडावर होता, झोपलेला. सगळ्यांनी फोटो काढले.

ऑर्पेन सोडून, हूडस्प्रेट ओलांडून दुपारी घाटाखाली पोचलो. सपाट झुडपी जंगल संपून अचानक ड्राकेन्सबर्गचा लाल-पिवळा कडा उभा राहतो. पक्षीवाले इथे तैता ससाण्यासाठी येतात, अतिशय दुर्मिळ. तो दिसला नाही. पण त्याच कड्यांवर केप गिधाडांची मानौत्साची वसाहत आहे, शेकडो जोड्यांची. विष्ठेने पांढरे झालेले खडकाचे कप्पे लांबूनच दिसतात. एकेक पक्षी वाऱ्यावर तरंगत यायचा आणि शेवटच्या क्षणी पाय सोडून कप्प्यावर उतरायचा. आमच्याकडची लांब चोचीची गिधाडंही अशीच कड्यांवर राहतात.

डॉक्टरांनी विचारलं, "ही तिकडे खायला जातात?"

"जातात. मेमध्ये मेलेल्यांत केपही होती."

त्यावर ग्रुपमधल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "डॉक्टर, तुम्हीही द्यायचात का हो ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन?" एकदम शांतता झाली. मी विषय बदलायला ससाणा शोधू लागलो.

"द्यायचो ना," डॉक्टर म्हणाले. "सगळेच द्यायचो. लंगडणारी गाय सकाळी उभी राहायची. बाजाराच्या दिवशी बैल चालला पाहिजे, एवढंच शेतकऱ्याला हवं असायचं. स्वस्त होतं. मेलेलं जनावर ओढ्याकाठी टाकायचे, पुढचं कोण बघतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "बंदीनंतर मी मेलोक्सिकॅमवर आलो, ते गिधाडांना बाधत नाही. पण माणसांच्या डायक्लोफेनॅकची तीस एमएलची बाटली मेडिकलमध्ये मिळायची, खेड्यातले बिनडिग्रीचे तीच टोचायचे. ती 2015 मध्ये बंद झाली."

आवाजात ना पश्चात्ताप होता, ना सारवासारव. दवाखान्यातलं रजिस्टर वाचून दाखवावं तसं ते बोलले. फासावर द्या म्हणणारे गृहस्थ दुर्बीण पुसत बसले. आफ्रिकेतला विष घालणारा आणि आमचे डॉक्टर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. तरी सकाळी गाडीतून उतरू पाहणारा माणूस आणि ओढ्याकाठचं जनावर एकाच वेळी डोळ्यांपुढे आलं की मी अडखळतो.

रात्री पक्ष्यांची यादी करताना बॅटलर धरायचा का, असं एकाने विचारलं. यादीच्या नियमाने जिवंत पाहिलेलाच पक्षी धरतात. बॅटलर आम्ही आधीच उडताना पाहिला होता, त्यामुळे वाद टळला.

परत आल्यावर मी गाईडला विचारलं. दोन पक्षी जिवंत नेले, यापलीकडे त्यालाही काही कळलेलं नव्हतं. हे डॉक्टरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉट्सॲपवर लांबलचक निरोप आला. त्या भाषणाबद्दल त्यांना ग्रुपमधल्या कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही लोक काय देऊ नका ते सांगता. काय द्यायचं तेही सांगत जा. मेलोक्सिकॅम. आणि 2023 मध्ये केटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅकही गुरांसाठी बंद झालंय, ते जोडा." खाली पाठदुखीवर मी नेमकी कोणती गोळी घेतो, अशी चौकशीही होती.