सोलचा पाऊस आणि मुगाचं बिंदेत्तोक

जोंगनो-५-गा स्टेशनातून वर आले तर बाहेर पाऊस लागलेला. छत्री उघडेपर्यंत तळणाचा वास आला. ग्वांगजांग बाजाराचा रस्ता कुणाला विचारावाच लागला नाही.

हा बाजार १९०५ सालचा. मूळचा कापडाचा, रेशमाची आणि हानबोकची, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाखाची, दुकानं अजून आहेत. पण छपराखालच्या बोळात सगळी गर्दी खाणाऱ्यांची. एका गाड्यापाशी बाकावर जागा मिळाली. शेजारीच विजेवर फिरणारं दगडी जातं: वरून भिजवलेली मुगाची डाळ पडतेय, खालून पिवळट पीठ ओघळतंय. त्यात मुगाचे लांब कोंब आणि किमची कालवायची, की पळीभर पीठ तव्यावर. हेच बिंदेत्तोक. आपल्या धिरड्याला चमचाभर तेल पुरतं. इथे पीठ निम्मं बुडेल एवढं. कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत. सोबत सोया सॉस आणि व्हिनेगरात मुरलेला कच्चा कांदा. तो अजिबात सोडू नका, तेलकटपणा त्यानेच कमी होतो. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी पिठात डुकराचं मांस असतं.

गिऱ्हाइकं गाड्यावरच्या बाईंना 'इमो' म्हणत होती. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. मीही धीर करून 'इमो' म्हटलं, तर त्या हसल्या आणि कांद्याची वाटी पुन्हा भरली.

पाऊस आला की कोरियन माणसाला तव्यावरचं असं काहीतरी आणि माकगोली, म्हणजे तांदळाची पांढरट दारू, हवी असते. तेलाची चुरचुर पावसासारखी ऐकू येते म्हणतात. कांदाभजीवर वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तोकबोक्की म्हणजे तिखट रश्शातले तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे. तिच्या गाड्यांवर ट्विगिम, म्हणजे पिठात बुडवून तळलेलं खाणं, मिळतं: रताळ्याचे काप, माकूळ, आणि माझी आवडती गिममारी, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळून तळलेल्या पारदर्शक शेवया. कोरडी खाऊ नका, तोकबोक्कीच्या लाल तिखट रश्शात बुडवा.

गोड मात्र बुसान या बंदराच्या शहरात, नाम्फो-दोंग भागातल्या बिफ (BIFF, तिथला चित्रपट महोत्सव) चौकात. सिआत होत्तोक: तळलेली जाड पोळी कात्रीने फाडून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे ठासतात, आणि ती कागदी कपात देतात. आतली साखर पाकासारखी वितळलेली, दालचिनीच्या वासाची. एक रांगेजवळच उभ्याने संपवला. दुसरा रस्ता ओलांडून जागल्चीच्या मासळीबाजाराकडे चालता चालता.