होलोटाइपचा नंबर मिळेपर्यंत जीव नुसता टांगणीला

नवीन वनस्पती पब्लिश करायची असेल तर पेपर लिहायला बसायच्या आधी होलोटाइपची शीट, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नवीन नाव आधारलेलं असतं तो वाळवून कागदावर लावलेला नमुना, हर्बेरियममध्ये म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात जमा करा. आधी शीट, मग पेपर. हे कळकळीने सांगतेय.

आमची वनस्पती म्हणजे गेंद, एरिओकॉलॉन, रत्नागिरीकडच्या कातळसड्यावर पावसाचं पाणी साचतं तिथे उगवणारी. ओळख पटवणं किचकट होतं पण मजा आली. वाळलेला गेंद गरम पाण्यात भिजवायचा, मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक फूल सोडवायचं, पाकळीच्या टोकाशी काळी ग्रंथी आहे का बघायचं, बियांवरची नक्षी एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. कुकचा फ्लोरा, म्हणजे मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जुना ग्रंथ झाला, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममधल्या जुन्या शीट्स झाल्या, लंडनच्या क्यू गार्डन्सच्या टाइप शीट्सचे फोटो तर घरबसल्या दिसतात. 2012 पासून लॅटिन वर्णनाची सक्ती नाही, इंग्रजी चालतं.

अडलं ते शीटच्या नोंदणी नंबरपाशी. 1990 पासून होलोटाइप कुठल्या हर्बेरियममध्ये आहे ते पेपरात लिहावंच लागतं, नाहीतर नाव वैध धरत नाहीत. नोंदणी क्रमांक द्याच असं कोड, म्हणजे वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली, म्हणत नाही, पण जर्नल अडून बसलं की नंबर हवाच. आणि आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेतच द्यावा लागतो, म्हणजे कंटाळून ओळखीच्या कॉलेजात ठेवला आणि सुटलो असंही नाही. शीट मी स्वतः घेऊन गेले, गर्दीच्या ट्रेनमध्ये फोल्डर छातीशी धरून. तिथे उत्तर काय, "मॅडम, ठेवून जा, सर टूरवर आहेत, रजिस्टरला एन्ट्री तेच करतात." मग सर आले तर लेबलवर जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची नाही म्हणून परत, ते केलं तर विषप्रक्रिया केल्याचा शिक्का कुठाय, अहो मग पहिल्याच दिवशी सगळं एकदम सांगा ना! फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". इकडे पेपर ॲक्सेप्ट होऊन पडलेला, आणि त्याच सड्यांवर दुसरेही लोक काम करतात हे मला माहीत होतं. ज्याचं नाव आधी प्रसिद्ध होतं तेच टिकतं, आपलं नुसतं सिनोनिम, म्हणजे त्याच वनस्पतीचं मान्य नसलेलं दुसरं नाव म्हणून राहतं. झोप लागत नव्हती.

शेवटी एका संध्याकाळी दादरला प्लॅटफॉर्मवर असताना शिक्का मारलेल्या शीटचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, नंबर स्वच्छ दिसत होता. तिथेच उभ्या उभ्या एडिटरला मेल केला. फार मोठं ओझं उतरलं.

शीट दिली की तिथल्या तिथे सहीची पोचपावती घ्या, आणि लेबलवर काय काय हवं ते लेखी मागा. आयसोटाइप, म्हणजे होलोटाइपसोबतच गोळा केलेला जोडनमुना, दुसऱ्या हर्बेरियमला द्या, एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका. पावसात गोळा केलेले नमुने दाबताना वर्तमानपत्र रोज बदला, कोकणच्या हवेत बुरशी लगेच धरते. आणि गेंदासाठी जाणार असाल तर बी पिकल्यावर सड्यावर अजून एक फेरी माराच, नुसत्या फुलांवर प्रजाती ठरवणं अवघड जातं.