ताणा भरून मिळेल

आमच्या शेडच्या दारावर पाटी आहे, ‘ताणा भरून मिळेल’. एकदा एक मोटरसायकलवाला गाडीत हवा भरायला थांबला. पाटी अर्धीच वाचली होती त्यानं. चहा पाजून परत पाठवला. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. विणकाम करणाऱ्या चार घरांना मात्र ही पाटी बरोबर समजते, आणि आमची निम्मी रोजी त्या चार घरांवरच चालते.

आम्ही मोहाडी तालुक्यातले, जिल्हा भंडारा. जवळच्या आंधळगावात आणि इकडे पवनीकडे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, विणकाम जुनं आहे. मी सून होऊन आले तेव्हा मामाजींचा माग सरपणाच्या खोलीत उभा होता. हात्यावर कोंबडी बसायची. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली, यांचं नागपुरातलं बांधकामावरचं काम थांबलं, ते घरी आले आणि आठ दिवसांत कंटाळले. तेव्हा कोंबडी हाकलून माग बाहेर काढला. पुढं काय करायचं ते काहीच ठरलेलं नव्हतं.

आमचा खड्डा माग. जमिनीत खड्डा खणायचा, विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्यांवर. खड्ड्याचा एक फायदा मला उशिरा कळला. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं आणि पटापट तुटतं. खड्ड्याजवळची माती ओलावा धरते, तेवढा ताणा वाचतो. तरी आम्ही दुपारी जमिनीवर पाणी शिंपडतो आणि खिडकीला ओलं गोणपाट लावतो.

वाळवीनं दोन खांब खाल्ले होते. गावच्या सुतारानं सागवानाचे नवे केले, चौकट ठोकून दिली. चार हात विणलं तर कापडाचा डावा काठ ताठ आणि उजवा झोळीसारखा. मामाजींनी सुतळी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. दीड इंचाचा फरक.

“त्यानं खाट केली, माग नाही केला,” म्हणाले.

तेव्हापासून नवा माग उभा केला की पहिल्यांदा कर्ण, मग पाणसळीनं पातळी, मग ताण्याचा रूळ आणि कापड गुंडाळायची तूर एकमेकींना समांतर आहेत का ते. यात अर्धा दिवस जातो. तो घालवला नाही तर पुढचे महिनाभर रोज अर्धा दिवस जातो.

आता ताण्याचं सांगते, कारण लोक साडी बघतात, आडवा धागा नेणारा धोटा बघतात, फोटोही खटाखट धोट्याचाच काढतात. ताण्याचा फोटो कुणी काढत नाही. आमच्या करवतकाठी, म्हणजे काठाला करवतीसारखे दात असलेल्या, साडीचा पन्हा ४८ इंच, इंचाला ६० धागे, म्हणजे २८८० उभे धागे. सहा साड्यांचा ताणा एकदम काढतो. ब्लाउज धरून साडी ६.३ मीटर. विणताना धागा वर-खाली वळतो, त्यात लांबी आटते, शिवाय मागाच्या टोकाला मीटरभर वाया जातो, म्हणून ४२ मीटर. २८८० ला ४२ नं गुणून पाहा, एक लाख एकवीस हजार मीटरच्या आसपास. भंडाऱ्याहून नागपूर गाठून परत यायला लागेल एवढा धागा, आणि तो एकाही ठिकाणी ढिला नको.

पहिल्याच मोठ्या ताण्याला मी हिशेब करून जेमतेम १ किलो ८०० ग्रॅम सूत आणलं. दोन पदरी ८० नंबरचं, म्हणजे एका पदराच्या भाषेत ४० नंबर. नंबराचा अर्थ असा की ८४० यार्डांच्या तेवढ्या लड्या एका पौंडात बसतात. ताणा काढत गेले आणि पावणेतीनशे धागे बाकी असतानाच सूत संपलं. साडेचार इंच पन्हाच गायब! मला वाटलं मोजण्यात चुकले. दोनदा मोजलं. मग एक लडी घेऊन सोनाराकडं गेले, त्याच्या काट्यावर ठेवली. ४० नंबरची लडी ११.३ ग्रॅमची हवी, ही १२.६ भरली. सूत जाड होतं, ३६ नंबरचं. व्यापारी म्हणाला, ओल धरली असेल. धरली असेल बिचारी. त्या दिवसापासून प्रत्येक गठ्ठ्यातली एक लडी आधी सोनाराच्या दुकानात जाते. तोही आता विचारत नाही, हातानंच काट्याकडं खूण करतो.

दुसरा धडा यापेक्षा महाग पडला. ताणा ड्रमवर काढतो. ड्रमचा घेर ३ मीटर, म्हणून १४ फेरे. एका वेळी ४० कांड्यांचा, म्हणजे ४० धाग्यांचा, पट्टा, असे ७२ पट्टे. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला धाग्यांची फुली घ्यायची असते. पहिला वरून, दुसरा खालून, असं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. फुली राहिली तरच कुठला धागा कुणाशेजारचा ते समजतं. ती सुतळीनं बांधून ठेवायची आणि मगच पट्टा सोडायचा. मी एका संध्याकाळी लाइट गेली म्हणून घाईत ताणा उतरवला, फुल्या न बांधता. सकाळी अंगणात २८८० धाग्यांचं घरटं पडलं होतं. तीन दिवस सोडवलं. चौथ्या दिवशी मामाजी विळी घेऊन आले.

“पोतेऱ्यालेच कामी येईन आता,” एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रुळावर ताणा गुंडाळताना थरामध्ये काहीतरी घालावं लागतं, नाहीतर वरचे धागे खालच्या थरात रुततात आणि मधलेच ढिले होतात. मी हुशारीनं जुनी वर्तमानपत्रं घातली. पांढऱ्या ताण्यावर शाई उतरली. एका साडीच्या पदरात निवडणुकीची बातमी जवळजवळ वाचता येत होती. आता बांबूच्या कामट्या घालतो. भंडाऱ्यात बांबूला तोटा नाही.

पूर्वी सगळी गल्ली मिळून पांजणी करायची. पहाटे ताणा रस्त्याभर ताणायचा आणि तांदळाच्या पेजेची खळ कुंच्यानं लावायची. ऊन चढायच्या आत सुकवून गुंडाळायचा. धानाचा जिल्हा, पेजेला काय कमी? सासूबाई सांगतात, शेळ्यांना खळीचा वास लागायचा, मुलांना हाकायला बसवायचे. रस्त्यावर गाड्या वाढल्या, मुलं शाळेत गेली आणि पांजणी थांबली. पण विणणारी घरं थांबली नव्हती. बऱ्याच घरी ताणा काढायला हात उरले नव्हते. मागाच्या वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली उचलणाऱ्या दोऱ्यांच्या, डोळ्यांतून आणि फणीच्या घरांतून २८८० धागे ओवायला दोन माणसं दोन दिवस लागतात, एक धागा देणारा, एक हुकानं ओढणारा. फणीचं एक घर चुकलं की कापडात उभी रेघ पडते, आणि तिथून पुढचं सगळं पुन्हा ओवायचं.

शेजारच्या गावची एक काकी २०१८ मध्ये म्हणाली, “तू काढून देशील का वं मले? डोळे गेले माह्ये.” तिला ताणा काढून दिला. नंतर तिच्या जावेला. मजुरी सांगताना मला लाज वाटत होती. हिशेब केला तेव्हा कळलं की साडीपेक्षा इथं पैसा लवकर मोकळा होतो आणि गिऱ्हाईक दारात येतं. मुद्राचं शिशू कर्ज, ५० हजारांच्या आतलं, घेऊन ड्रम केला. आता आमचे स्वतःचे चार माग आहेत, आणि बाहेरच्या मागांचेही ताणे येतात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तीन मागांवर ताणे चढलेले होते. मामाजींनी पहिल्या दिवशी ताण सैल करायला लावला, रूळ चादरीनं झाकायला लावला. एका मागावर मी आळस केला, तो ताणा पावसाळ्यात उंदरांनी कातरला.

करवतकाठी साडीची नक्कल पॉवरलूमवर निघते. ओळखायची असेल तर साडीचा काठ उलटून पाहा. आमच्याकडे काठाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या धोट्याचा असतो, अंगाच्या बाण्याशी तो करवतीच्या दातांत अडकतो, तीन धोटे एकदम चालतात, म्हणून काठाचा रंग भरीव राहतो. नकलेत अंगाचा बाणा काठातून आरपार गेलेला असतो आणि काठ फिका दिसतो. तरी दुकानात दोन्ही साड्या एकाच घडीत ठेवलेल्या असतात.

ज्या मागावर जुना ताणा संपत आला आहे, तिथं शेवटचं टोक कापू नका, वही-फणीतून बाहेर ओढू नका. हातभर राहू द्या. आम्ही येऊन जुन्या टोकाला नवा धागा राख लावलेल्या बोटांनी पिळून सांधतो, ओवणीचे दोन दिवस वाचतात. सुताची लडी आधी पाठवा, तोलून घेतो. कोशाचा ताणा एप्रिल-मेमध्ये घेत नाही, पोळा झाल्यावर आणा.