पांढरी दोनचे सात पावे

१९८७ सालच्या उन्हाळ्यात आपल्या शाळेच्या नव्या खोल्यांचे वायरिंग झाले आणि उरलेल्या प्लास्टिक पाइपांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे मागच्या व्हरांड्यात पडून राहिले. ते भंगारात जाण्यापूर्वी विज्ञानाच्या सरांनी उचलून ठेवले आणि नववीत जाणाऱ्या आम्हा सात मुलांना सुट्टीतच शाळेत बोलावले. कार्यानुभवाच्या तासाला तोवर आम्ही खडू आणि मेणबत्त्याच केल्या होत्या. पावा करायचा आहे, असे सरांनी सांगितले तेव्हा माळेगावच्या यात्रेतून आणलेल्या, घरी पोचेपर्यंत मुक्या होणाऱ्या पिपाण्या आम्हाला आठवल्या. सरांच्या मनातील वाद्य निराळे होते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ साली जी पत्र्याची सहा छिद्रांची शिट्टी बनवायला घेतली आणि जी पुढे आयरिश लोकसंगीताने आपलीशी केली, तिचीच रचना त्यांना पाइपात उतरवायची होती. आडव्या बासरीप्रमाणे फुंकेचा कोन साधावा लागत नाही, म्हणून मुलांना ती लवकर वाजते, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आतून बारा-तेरा मिलिमीटर व्यासाचा पाइप आम्ही निवडला. खरी परीक्षा तोंडाशी होती. पाइपात घट्ट बसणारे सागवानी बूच सुतारकाम करणाऱ्या एका पालकांनी करून दिले. त्याची वरची बाजू कानशीने इतकीच सपाट करायची, की बूच आणि पाइप यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट राहील. या फटीतून निघालेली हवेची पट्टी पाइपात पुढे कापलेल्या खिडकीच्या तिरप्या धारेवर आपटते आणि धारेच्या वर-खाली हेलकावू लागते, तेव्हा नळीतील हवा बोलू लागते. धार बोथट असेल तर नुसता फुसफुसाट येतो. माझी पहिली तीन तोंडे फुसफुसाटातच संपली, आणि चौथ्यातून सूर निघाला तो मी कानस थोडी जास्त चालवल्यामुळे, म्हणजे चुकूनच.

छिद्रांसाठी आमच्यापैकी एकाने बासरीवाल्यांची रीत म्हणून सळई तापवून आणली. पहिल्याच छिद्राला असा झोंबरा धूर निघाला, की सरांनी सळई बादलीत बुडवली. या प्लास्टिकमध्ये क्लोरिन असतो आणि जळताना त्याचा घातक वायू बाहेर पडतो, हे त्यांनी तेव्हाच समजावले. पुढची सर्व छिद्रे हाताच्या ड्रिलने पाडली.

सूर लावायला शाळेची हार्मोनियम होती. सहाही छिद्रे बंद केल्यावर पांढरी दोनचा, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातील दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज लागावा, असे ठरले. हिशेबाने नळी २९ सेंटिमीटरच्या पुढे येत होती. पण हवेचा स्तंभ दोन्ही तोंडांबाहेर किंचित पसरत असल्यामुळे खिडकीपासून सत्तावीसच्या आसपास तो सूर मिळाला. नळी कापली की सूर चढतो आणि कापलेले परत जोडता येत नाही, म्हणून आम्ही केसाएवढे घासायचो आणि फुंकून पाहायचो. छिद्रांचेही तसेच: लहान पाडावे, मग रुंदावत स्वर वर आणावा. खालून एकेक बोट उचलत गेले, की बिलावलाचे शुद्ध स्वर ओळीने मिळत. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनाच्या प्रभातफेरीत आम्ही सातही जण वाजवत गेलो. तेव्हा सोबत हार्मोनियम नव्हती.

ती आली २६ जानेवारीला, आणि फजितीही तेव्हाच झाली. परभणीकडच्या थंडीची ज्यांना सवय आहे त्यांना ती सकाळ सांगायला नको. ध्वजवंदनानंतरच्या समूहगीतात आमचे पावे हार्मोनियमच्या स्पष्ट खाली वाजू लागले. गंमत अशी, की आपसांत ते एकमताने उतरले होते. सरांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित मांडले. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे ०.६ मीटरने वाढतो. मे महिन्यातील ४२ अंश आणि त्या सकाळचे १२ अंश धरले, तर पाच टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक पडतो. फुंकेची ऊब तो थोडा कमी करते, एवढेच. हार्मोनियमच्या पितळी पट्ट्यांना मात्र या थंडीचे फारसे काही वाटत नाही.

उपाय आम्हाला शेतावर ठाऊक होता. पाइपलाइन जोडताना पाइपाचे तोंड गरम करून फुगवतात, तसेच बेताने गरम करून आम्ही वरच्या तुकड्याचे तोंड रुंदावले आणि खालचा तुकडा त्यात सरकता ठेवला. थंडीत आत ढकलायचा, उन्हाळ्यात बाहेर ओढायचा. थंडीत निषाद जरा चढाच लागे, कारण वरच्या छिद्रांची नळी मुळातच आखूड असल्याने तिला तेवढीच कपात जास्त जाणवते. त्याला आम्ही अर्धे बोट झाकून गप्प करत असू.

माझा पावा अजून घरी आहे. बूच वाळून सैल झाले आहे आणि दोरा गुंडाळल्याशिवाय तो वाजत नाही. सांध्यावर कर्कटकाच्या टोकाने ओढलेल्या, पाऊण सेंटिमीटर अंतरावरच्या दोन रेघा मात्र स्पष्ट दिसतात. एकीशेजारी ‘मे’ आणि दुसरीशेजारी ‘जाने’ असे सरांच्या अक्षरात लिहिले आहे.